सायकलची शर्यत रेडिओवर ऐकण्यात कसली मजा?

तुम्ही विचारलंय की सायकल शर्यतींचे रेडिओ कार्यक्रम खरंच कुणी ऐकतं का, आणि ऐकायचं तर सुरुवात कुठून करावी. ऐकतात हो. निदान नेरूळमध्ये एक जण तरी ऐकतो.

लहानपणी मामाने आम्हाला मुंबई-पुणे सायकल शर्यत दाखवायला खोपोलीला नेलं होतं. घाटाच्या पायथ्याशी दोन तास ताटकळलो, भजी खाऊन संपली. मग शिट्ट्या, एक जीप, आणि सर्रकन सायकली गेल्या. अर्धं मिनिट. घाटाचा राजा कोण झाला ते दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं. तेव्हापासून माझं ठाम मत आहे, की ही शर्यत रस्त्यावर उभं राहून दिसत नाही, ती कुणीतरी सांगावी लागते. टूर द फ्रान्स सुद्धा १९०३ साली एका पेपरनेच काढली, खप वाढवायला.

रेडिओवरचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण इटलीतलं. १९४९ च्या जिरो दितालियात (इटलीची अनेक दिवस, टप्प्याटप्प्याने चालणारी शर्यत) कुनेओ ते पिनेरोलो या टप्प्यात फाउस्टो कॉप्पी १९२ किलोमीटर एकटा पुढे होता, मध्ये आल्प्समधले घाटावर घाट. मारिओ फेरेत्तीने त्या दिवशीचं वर्णन असं सुरू केलं : एकच माणूस आघाडीवर आहे, जर्सी पांढरी-आकाशी, नाव फाउस्टो कॉप्पी. बास. दुसरा आलेला बार्ताली जवळजवळ १२ मिनिटं मागे होता.

पण खरी गंमत हिशेबात आहे. क्रिकेटच्या धावत्या समालोचनात आपण 'अजून किती हव्यात, किती चेंडू उरलेत' करत बसायचो ना, तेच इथे. मोटरसायकलवर मागे बसलेला वार्ताहर सांगतो की मुख्य घोळक्यातून पुढे पळून गेलेल्यांची आघाडी २ मिनिटं १० सेकंद, अंतर उरलंय २५ किलोमीटर. रॉबेर शापात नावाचा फ्रेंच सायकलपटू पुढे समालोचक झाला, त्याचा ठोकताळा असा : दर १० किलोमीटरला १ मिनिट हाताशी हवं, नाहीतर मागचा घोळका गाठणारच. म्हणजे या गड्यांना अडीच मिनिटं हवीत आणि आहेत सव्वादोन सुद्धा नाहीत. पुढच्या वेळी आकडा १ मिनिट ४० झाला की पोटात गोळा येतो. त्याला चित्र लागत नाही. उलट टीव्हीवर मधले तीन तास नुसते किल्ले आणि सूर्यफुलांची शेतं बघत बसावं लागतं.

माझी पद्धत सांगतो. जुलैत पावसामुळे पाम बीच रोड बंदच (माझ्यापुरता), म्हणून गॅलरीत ट्रेनरवर (जागच्या जागी सायकल चालवायचा स्टँड) सायकल लावतो आणि मोबाईल रिकाम्या स्टीलच्या डब्यात उभा ठेवतो. आवाज दुप्पट होतो. हॉलमध्ये आईची मालिका, गॅलरीत डच भाषा. नेदरलँड्सच्या सरकारी रेडिओवर टूरच्या दिवसांत 'रेडिओ टूर दे फ्रान्स' नावाचा कार्यक्रम असतो, गाणी आणि मध्येमध्ये शर्यत. मला डच ओ की ठो कळत नाही, पण नावं, 'मिन्युट' आणि 'सेकोंडे' एवढं कळलं तरी काम भागतं, आणि समालोचकाचा सूर चढला की काय झालं ते समजतंच.

इंग्रजीत हवं असेल तर 'द सायक्लिंग पॉडकास्ट' घ्या. २०१३ पासून चालू आहे, पत्रकार मंडळी टप्पा संपल्यावर गप्पा मारतात. नवख्या माणसाला हाच बरा, कारण थेट प्रक्षेपणात कोण कुठल्या संघाचा ते कुणी थांबून सांगत नाही.

आणि शोधताना 'रेडिओ टूर' असं काही सापडलं तर गोंधळू नका. ती आयोजकांची आतली वाहिनी आहे, संघांच्या गाड्यांना अंतर, पंक्चर, अपघात कळवणारी.

टूरचे टप्पे आपल्याकडे साधारण रात्री नऊच्या सुमारास संपतात. आठ वाजता लावा, शेवटचे चाळीसेक किलोमीटर मिळतील.