ठोका दबतोय, घुमारा वाढतोय

प्रश्न : खोलीत ड्रम रेकॉर्ड केले आहेत. मिक्समध्ये स्नेअरचा ठोका दबतो. ईक्यूने वरच्या फ्रिक्वेन्सी वाढवल्या, तर त्याच माइकमध्ये शिरलेलं हाय-हॅट (झांजांची जोडी) कानाला टोचतं. कॉम्प्रेसर लावला, तर खोलीचा घुमारा वर येतो. ट्रान्झियंट शेपरने (ठोक्याची सुरुवात आणि शेपूट वेगवेगळं कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) हे सुटेल का?

उत्तर : बऱ्याच अंशी सुटेल. पण अटॅकच्या, म्हणजे ठोक्याच्या सुरुवातीच्या नॉबला लगेच हात लावू नका, आधी सस्टेन, म्हणजे मागे रेंगाळणारा आवाज कमी करा. ठोका दबल्याची तक्रार येते तेव्हा अनेकदा ठोका पुरेसा असतो, त्यामागचं शेपूट जास्त असतं. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० बीट) लागोपाठच्या दोन सिक्स्टीन्थ नोट्सच्या (पाव बीटच्या) मध्ये फक्त १२५ मिलिसेकंद असतात. घुमारा त्याहून लांबला की पुढची हलकी घोस्ट नोट त्यातच बुडते.

कॉम्प्रेसर थ्रेशोल्डच्या, म्हणजे ठरवलेल्या पातळीच्या वर गेलेला आवाज दाबतो. मग दबलेला आवाज भरून काढायला मेकअप गेन दिला की शेपूटही वर येतं. शेपरला सहसा थ्रेशोल्ड लावावाच लागत नाही. आत आवाजाच्या चढ-उताराचा माग ठेवणारे दोन एन्व्हलप फॉलोअर असतात, एक चपळ, एक संथ. ठोका पडताच चपळ वर उसळतो, संथ मागे राहतो, आणि त्या दोघांमधल्या फरकावरून गेन ठरतो. त्यामुळे काठी हलकी पडो की जोरात, ठोक्याला सारखाच उठाव मिळतो. जर्मनीच्या एसपीएल कंपनीचा १९९८चा ट्रान्झियंट डिझायनर याच तत्त्वावर चालतो. त्यात अटॅक १५ आणि सस्टेन २४ डेसिबलपर्यंत वर-खाली करता येतो. एवढी मजल मारायची गरज क्वचितच पडते.

सगळे ट्रॅक चालू ठेवून, आवाज हळू ठेवून सस्टेन ४ ते ६ डेसिबल खाली आणा. सोलोमध्ये, म्हणजे फक्त तोच ट्रॅक ऐकाल तर हमखास जास्त कापाल आणि स्नेअर पुठ्ठ्यासारखा वाजेल. ड्रमचं अंग मला फार मोलाचं वाटतं. ते गेलं तर नुसता ठोका घेऊन काय करायचं? ठोका अजून मागे वाटला, तरच अटॅक २-३ डेसिबल वाढवा. त्याने पीक वाढतात, म्हणून मीटरवर लक्ष ठेवा आणि शेपर चालू-बंद करून पाहताना दोन्हीकडचा आवाज सारखा ठेवा, नाहीतर जो मोठा तोच बरा वाटेल. कॉम्प्रेसर हवाच असेल तर शेपरच्या नंतर लावा.

किकवर (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमवर) जपून. ५० हर्ट्झची एक लाट २० मिलिसेकंदांची असते. फॉलोअर फार चपळ असला तर तो लाटेमागे लाट धरू लागतो आणि आवाज फाटतो.

आणि तुमचं हाय-हॅट : सस्टेन कापल्यावर ठोक्यांमधलं हाय-हॅटही थोडं मागे जाईल, पण अटॅक वाढवलात तर त्याच्याही ठोक्यांना धार चढेल, कारण शेपरला जोर-हळू कळत नाही. तसं झालं तर शेपरच्या आधी गेट (ठरवलेल्या पातळीखालचा आवाज बंद करणारं साधन) लावा, पण घोस्ट नोट्स कापल्या जाणार नाहीत इतपतच.