मेंदूचा 'चयापचय' म्हणजे पचन नव्हे

प्रश्न असा आहे : अल्झायमरविषयी वाचताना 'मेंदूचा चयापचय मंदावतो' असे वाक्य आढळले. चयापचय म्हणजे पचनच ना? मग मेंदूत काय पचते? आणि या आजाराला 'तिसऱ्या प्रकारचा मधुमेह' म्हणावे का?

वाक्य बिनचूक आहे. आपण 'चया-पचय' असे ऐकतो आणि लगेच पोट आठवते, पण खरी फोड आहे चय + अपचय. दोन्हींत धातू 'चि', म्हणजे रचणे, गोळा करणे, 'संचय'मधला तोच. 'पच्' धातूचा इथे संबंधच नाही. पेशी नवे पदार्थ घडवते तो चय, पदार्थ मोडून ऊर्जा मिळवते तो अपचय. पचन पोटा-आतड्यांत उरकते. चयापचय प्रत्येक जिवंत पेशीत अखंड चालू असतो. मेंदूत तर विशेषच. शरीराच्या वजनात त्याचा वाटा जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीतही सुमारे २० टक्के ऊर्जा तोच वापरतो, मुख्यतः ग्लुकोजपासून.

हे मंदावणे डोळ्यांनी पाहता येते. पेट (PET) स्कॅन या चित्रतपासणीसाठी किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेले ग्लुकोज शिरेतून देतात. पेशी ते आत ओढून घेते, पण पुरते मोडू शकत नाही, त्यामुळे ते तिथेच अडकते. जिथे वापर जास्त, तिथे चित्र उजळ. अल्झायमरमध्ये मेंदूचे ठरावीक भाग फिके दिसतात, कधी कधी विस्मरण ठळक होण्याच्याही आधी.

इथे क्रियापद जपून वापरावे. 'मेंदूला साखर कमी पडते' असे लिहू नये. रक्तातली साखर ठीक असतानाही पेशींचा वापर घटलेला असतो, आणि असे वाचून कुणी रुग्णाला गोड भरवू लागेल. 'चयापचय मंदावल्यामुळे अल्झायमर होतो' हेही फार पुढचे विधान झाले. चेतापेशी मरतात, त्यांच्यातल्या जोडण्या तुटतात, म्हणूनही वापर घटतो. 'मंदावतो' एवढेच म्हटले की कार्यकारण खुले राहते.

'तिसऱ्या प्रकारचा मधुमेह' हा शब्दप्रयोग २००५मध्ये सुझान द ला माँटे यांच्या संशोधनगटाने पुढे आणला. त्यामागे आधार आहे : या रुग्णांच्या मेंदूत इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद घटलेला आढळतो, टाइप २ मधुमेहात डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका वाढतो, आणि इन्सुलिन मोडणारे एक विकर (एन्झाइम) अमायलॉइड बीटा हे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे प्रथिनही मोडते. तरी हे मान्यताप्राप्त निदान नाही, आणि मधुमेह कधीच नसलेल्यांनाही अल्झायमर होतो. त्यामुळे आजाराचे नाव म्हणून मी तो वापरणार नाही. 'मेंदूतील इन्सुलिन-प्रतिरोध' म्हटले की नेमके तेवढेच सांगितले जाते.