चावरा, पिसाळलेला की हिंस्र?

प्रश्न असा आलाय की सोसायटीच्या नोटिशीत 'ॲग्रेसिव्ह डॉग'ला मराठीत काय लिहायचं, चावरा, पिसाळलेला की हिंस्र, आणि कायद्याच्या दृष्टीने हे सगळं एकच का.

एकच नाही, आणि पिसाळलेला तर अजिबात लिहू नका. पिसाळलेला म्हणजे रेबीज झालेला, वेडंपिसं मधलं पिसं तेच हे. तो आजार आहे, स्वभाव नव्हे. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही हा गट वेगळाच काढलाय, संशय असेल तर कुत्रा पकडून वेगळा ठेवायचा, डॉक्टरने बघायचं, आणि रेबीजच निघाला तर मरेपर्यंत तिथेच ठेवायचा. उगाच तो शब्द टाकलात तर अर्धी बिल्डिंग इंजेक्शनं घ्यायला धावेल.

चावरा मला सगळ्यात आवडतो कारण तो 'रा' सवय दाखवतो, लाजरा, बुजरा, हसरा तसा चावरा. शेपटीवर पाय पडला म्हणून एकदा दात लावला तर तो चावरा होत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला धरतो तो चावरा.

हिंस्र मूळचा वाघ-बिबट्याचा शब्द (आणि हो, त्यात 'त' नाही, हिंस्त्र चूक, सहस्त्र चूक तसंच). कुत्र्यांना तो बातम्यांतून जास्त चिकटला तो केंद्राने 12 मार्च 2024 ला पिटबुल, रॉटवायलर, तोसा इनू अशा 23 जातींवर बंदी घालायचं पत्र राज्यांना पाठवलं तेव्हा. ते पत्र एप्रिलमध्येच कर्नाटक आणि दिल्ली हायकोर्टांनी रद्द केलं, पण शब्द राहिला. थोडक्यात हिंस्र म्हटलं की रोख जातीवर जातो, आणि गल्लीतल्या गावठी कुत्र्याला ते शोभत नाही. ब्रिटनच्या धोकादायक कुत्र्यांवरच्या 1991 च्या कायद्यात जात आणि वागणूक अशा दोन्ही वाटा आहेत, काही जाती सरळ बंद, त्यात हल्ली एक्सएल बुलीची भर, आणि शिवाय कुठल्याही जातीचा कुत्रा आवरेनासा झाला आणि चावेल अशी रास्त भीती वाटली तरी गुन्हा, चावलाच पाहिजे असं नाही.

आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात म्हटलं की नसबंदी आणि लस झालेली कुत्री होती तिथेच सोडा, मात्र रेबीज झालेली किंवा तसा संशय असलेली, आणि आक्रमक वागणारी सोडू नका. म्हणजे पिसाळलेला आणि आक्रमक हे दोन गट कोर्टानेही वेगळे धरले, पण आक्रमक म्हणजे नेमकं काय याची व्याख्या मात्र त्यात दिली नाही, आणि सगळी भांडणं तिथेच लागतात. नुसता भुंकणारा एकाला आक्रमक वाटतो, खायला घालणाऱ्या काकूंना तोच गरीब वाटतो.

अजून एक, भटका आणि मोकाट यांत घोळ नको. मोकाटला मालक असू शकतो, नुसता सोडलेला असतो, आणि मालक असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 291 त्याच्या निष्काळजीपणाला लागू शकतं. भटक्याला मालकच नसतो, 2023 च्या त्याच नियमांत तर त्याला सामुदायिक प्राणी म्हणतात, जे बोलताना कोणी म्हणत नाही.

तेव्हा नोटिशीत विशेषणाच्या भानगडीत न पडता सरळ लिहा, 'बी विंगच्या जिन्यापाशी बसणारा काळा कुत्रा अंगावर धावून येतो, अमुक तारखेला एकाला चावला'. विशेषण हवंच असेल तर चावरा, तेही एकापेक्षा जास्त वेळा चावला असेल तरच, नाहीतर नुसतं 'अंगावर येणारा' पुरे.