वादग्रस्त वेबसाइटसाठी डोमेन कोणत्या रजिस्ट्रारकडून घ्यावं?

तुमचा प्रश्न मी असा समजतो: नाशिकमधली गोदावरी आणि नासर्डीत सोडलं जाणारं सांडपाणी, पूररेषेतली बांधकामं यांची माहिती अधिकारात मिळवलेली कागदपत्रं तुम्हाला वेबसाइटवर टाकायची आहेत. त्यात काही बिल्डर आणि माजी नगरसेवकांची नावं येणार. म्हणून तुम्हाला ‘कोणाच्याही दबावाला भीक न घालणारा’ रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन (साइटचा पत्ता) नोंदवून देणारी कंपनी, हवाय.

असा रजिस्ट्रार कुठेच नाही. त्याच्या देशातल्या कोर्टाचा आदेश आला की प्रत्येकाला ऐकावंच लागतं. फरक पडतो तो त्याच्या आधी. वकिलाची नुसती नोटीस आली, ‘ही साइट आमची बदनामी करते’ असा एक चिडका ईमेल आला, तर तो काय करतो? तुम्हाला कळवतो, मुदत देतो, का परस्पर बटण दाबून मोकळा होतो? रजिस्ट्रारचं धाडस तपासत बसू नका, त्याची कामाची पद्धत तपासा. मी शरणपूर रोडला वेबसाइट आणि होस्टिंगची कामं करतो. असले ईमेल माझ्याकडेही येतात, त्यामुळे दोन्ही बाजू माहीत आहेत.

आधी साइट बंद कोण कोण करू शकतं ते बघू. लोक सगळा राग रजिस्ट्रारवर काढतात, पण तो साखळीतली एकच कडी आहे. त्याच्या वर रजिस्ट्री (पत्त्याच्या शेपटाची मुख्य नोंदवही सांभाळणारी संस्था) असते: डॉट कॉमची व्हेरिसाइन, डॉट ऑर्गची पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री, डॉट इनची निक्सी. खाली डीएनएस (नावावरून सर्व्हर शोधून देणारी सेवा) आणि होस्टिंग (साइट ठेवायची जागा) देणारा असतो. या सगळ्यांना बाजूला ठेवून आयटी कायद्याच्या कलम ६९ए खाली सरकार इंटरनेट कंपन्यांना पत्ता ब्लॉक करायला सांगू शकतं. तसं झालं तर डोमेन आइसलँडचं असलं तरी सिडकोतल्या मोबाइलवर ते उघडणार नाही, आणि रजिस्ट्रार त्यात काही करू शकत नाही.

पद्धत म्हणजे काय, ते विकिलीक्स या गुप्त कागदपत्रं प्रसिद्ध करणाऱ्या साइटच्या दोन प्रसंगांत छान दिसतं. फेब्रुवारी २००८ मध्ये ज्युलियस बेअर या स्विस बँकेने कॅलिफोर्नियाच्या कोर्टातून डायनाडॉट या रजिस्ट्रारला विकिलीक्सचं डोमेन बंद करायला लावलं. डोमेन गेलं, पण सर्व्हर चालू होता. आयपी पत्त्यावरून (सर्व्हरच्या आकडी पत्त्यावरून) आणि दुसऱ्या डोमेनांवरून लोक तीच कागदपत्रं वाचत राहिले, उलट जास्तच वाचू लागले. दोन आठवड्यांत न्यायाधीशांनी स्वतःचा आदेश मागे घेतला. दुसरा प्रसंग डिसेंबर २०१० चा. तेव्हा डोमेन जागेवर होतं, पण डीएनएस देणाऱ्या एव्हरीडीएनएसने ‘तुमच्यावरच्या हल्ल्यांमुळे आमची बाकीची गिऱ्हाइकं अडचणीत येतात’ म्हणून हात काढून घेतला. गंमत अशी की बातम्यांमध्ये नावाचा घोळ झाला आणि शिव्या पडल्या इझीडीएनएस या भलत्याच कॅनडियन कंपनीला. त्यांनी काय केलं? आधी खुलासे केले आणि मग विकिलीक्सला खरोखरच डीएनएस दिलं.

याच इझीडीएनएसचं २०१३ मधलं प्रकरण मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो. सिटी ऑफ लंडन पोलिसांनी अनेक रजिस्ट्रारना पत्रं पाठवली, की अमुक टोरंट साइट्स (सिनेमे-गाणी आपसात वाटण्याच्या) बंद करा. बऱ्याच जणांनी मुकाट्याने केल्या. इझीडीएनएसने विचारलं, कोर्टाचा आदेश कुठाय? नव्हता. ज्यांनी साइट बंद केल्या त्यांच्यातल्या एकाने तर डोमेन दुसरीकडे हलवायलाही अडवलं. ते प्रकरण पंचांपुढे गेलं आणि निकाल लागला की कोर्टाचा आदेश नसताना ट्रान्सफर अडवता येणार नाही. तुम्हाला हवाय तो हा प्रश्न विचारणारा माणूस.

उलट बाजूही बघा. ऑगस्ट २०१७ मध्ये डेली स्टॉर्मर या नाझीवादी साइटला गोडॅडीने चोवीस तास दिले, मग ते गूगलकडे गेले तर त्यांनीही काढलं. त्या साइटबद्दल मला काडीची सहानुभूती नाही, पण ज्या कलमाखाली हे झालं तसलं कलम बहुतेकांच्या करारात असतं. म्हणून डोमेन घेण्याआधी करारात ‘आमच्या विवेकाधीन’, ‘पूर्वसूचनेशिवाय’ हे शब्द कुठे आणि कशासंदर्भात येतात ते शोधा. पानभर इंग्रजी वाचायचा कंटाळा येतो, मान्य. तेवढी दोन वाक्यं तरी वाचा.

रजिस्ट्रारांवर आयकॅनचं (जगभरच्या डोमेन व्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या संस्थेचं) बंधन काय आहे, तेही माहीत असू द्या. एप्रिल २०२४ पासून फिशिंग (बनावट साइटवरून पासवर्ड काढून घेणं), मालवेअर, बॉटनेट (ताब्यात घेतलेल्या संगणकांचं जाळं), फार्मिंग (लोकांना परस्पर बनावट साइटवर वळवणं) आणि त्यासाठी वापरलेला स्पॅम यांवर कारवाई करणं त्यांना सक्तीचं आहे. बदनामी त्यात नाही. चतुर तक्रारदार म्हणूनच ‘बदनामी’ लिहितच नाहीत, ‘फिशिंग’ लिहितात. माझ्याकडे आलेल्या अशा एका तक्रारीत पुरावा म्हणून साइटच्या वरच्या कोपऱ्याचा स्क्रीनशॉट होता. त्यात एका सरकारी खात्याचं बोधचिन्ह लावलेलं आणि खाली ‘लॉगिन’चा चौकोन. साइट प्रामाणिक होती, पण रात्रीच्या पाळीला परदेशात बसून तक्रारी बघणाऱ्या पोराला ती बनावट सरकारी साइटच वाटणार. तेव्हा महापालिकेचं बोधचिन्ह नको, लॉगिन नको, देणगीचा क्यूआर कोड नको. डोमेनमध्ये बिल्डरचं किंवा त्याच्या स्कीमचं नाव तर अजिबात नको. ट्रेडमार्कवाला यूडीआरपी या डोमेन-तंट्यांच्या लवाद प्रक्रियेत जातो आणि कोर्टाची पायरी न चढता डोमेन स्वतःच्या नावावर करून घेऊ शकतो. नदीचं नाव घ्या.

आता एक्स्टेंशन. डॉट इन स्वस्त आणि ओळखीचं आहे, पण निक्सी केंद्राच्या आयटी मंत्रालयाखाली येते आणि डॉट इनवर प्रायव्हसी सेवा (मालकाचं नाव-पत्ता झाकणारी) चालत नाही. मराठीत पत्ता हवा म्हणून कोणी डॉट भारत सुचवेल. दिसायला झकास, पण तेही निक्सीचंच. तुमच्या कामाला मी डॉट ऑर्ग घेईन. २०१९ मध्ये एका गुंतवणूक कंपनीने ती अख्खी रजिस्ट्री विकत घ्यायचा घाट घातला होता. संस्था-संघटनांनी बोंब मारली आणि एप्रिल २०२० मध्ये आयकॅनने संमती नाकारली. डॉट कॉमही चालेल. दोन्ही रजिस्ट्र्या अमेरिकेतल्या, म्हणजे तिथलं कोर्ट त्यांना आदेश देऊ शकतं. पण गंगापूर रोडच्या बिल्डरला तिथे वकील लावायचा तर आधी दहा वेळा खिसा चाचपावा लागेल.

नावं विचारलीत म्हणून माझं मत. इझीडीएनएस महाग आहे, पण वर सांगितलं त्या कारणासाठी पहिली पसंती. गांदी एकेकाळी लाडकी होती. २०२३ मध्ये मालक बदलले, फुकट मेलबॉक्स गेले, दर वाढले, त्यामुळे आता डोळे मिटून सुचवणार नाही. क्लाउडफ्लेअर घाऊक भावात देतं, पण तिथे नेमसर्व्हर (डीएनएस चालवणारे सर्व्हर) त्यांचेच वापरावे लागतात. तुमच्यासारख्याने सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत. पायरेट बे या टोरंट साइटवाल्या पीटर सुंदेंचं न्याला ऐकून असाल. तिथे डोमेन त्यांच्या नावावर राहतं, तुम्ही फक्त वापरता. लपायला उत्तम, पण उद्या त्यांच्याशीच वाकडं आलं तर कागदोपत्री तुम्ही कोणीच नाही. आणि ‘९९ रुपयांत डॉट कॉम’च्या जाहिरातीला भुलू नका. व्हेरिसाइनचा घाऊक भावच सप्टेंबर २०२४ मध्ये वर्षाला १०.२६ डॉलर झाला, उरलेले पैसे दुसऱ्या वर्षी वसूल होतात.

नाशिकमध्ये साइट्स पडतात त्या मात्र यातल्या कशानेच नाही. इंदिरानगर भागातल्या काही रहिवाशांनी एका अर्धवट सोडलेल्या स्कीमबद्दल साइट काढली होती. डोमेन कोणाच्या नावावर? साइट बनवून देणाऱ्या पोराच्या, त्याच्याच रिसेलर (रजिस्ट्रारची डोमेनं पुढे विकणाऱ्याच्या) खात्यात. बिल्डरच्या ओळखीतल्या कोणीतरी पोराच्या वडिलांना फोन केला, ‘कशाला या भानगडीत पडता, काका?’ एवढंच. संध्याकाळपर्यंत साइट गायब. नोटीस नाही, कोर्ट नाही, रजिस्ट्रारला तर पत्ताही नाही. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून घर बांधलं की हेच होणार. रिसेलर नको, भाच्याचा मित्र नको, मीसुद्धा नको. खातं तुमच्या किंवा संस्थेच्या नावाने, थेट रजिस्ट्रारकडे काढा. खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा, नाहीतर डोमेन बंद पडलं की ते सोडवण्याचे मेलही तुम्हाला मिळणार नाहीत. टू-फॅक्टर (पासवर्डनंतरचा दुसरा कोड) अॅपवर ठेवा, सिमवर नाही.

नाव खोटं देऊ नका. प्रायव्हसी सेवा घेणं वेगळं, रजिस्ट्रारला ‘राम कदम, पंचवटी’ असं काहीतरी ठोकून देणं वेगळं. खोटी माहिती दिली किंवा माहितीची खातरजमा करणाऱ्या पत्राला १५ दिवसांत उत्तर दिलं नाही, तर डोमेन बंद करायला रजिस्ट्रारला करारानेच मोकळीक मिळते. विरोधकाला एवढी सोपी वाट कशाला द्यायची? डोमेन घेतल्यावर येणारा पडताळणीचा मेलही स्पॅममध्ये जातो, तो शोधून क्लिक करा.

परदेशी रजिस्ट्रार घेतला म्हणून तुम्ही परदेशात जात नाही. अब्रुनुकसानीची फिर्याद नाशिकच्या कोर्टातच लागेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये दोन वर्षांपर्यंत साधी कैद आहे. खरं आणि लोकहिताचं विधान हा त्यात अपवाद आहे, पण ते सिद्ध तुम्हालाच करावं लागतं. तेव्हा ‘चोर’, ‘दलाल’ ही विशेषणं चहाच्या टपरीसाठी ठेवा. साइटवर अर्जाची तारीख, खात्याचं उत्तर, जावक क्रमांक आणि स्कॅन एवढंच. स्कॅनमधले आधार क्रमांक, मोबाइल नंबर, घरचे पत्ते काळे करा. शिष्टाचाराचा भाग आहेच, शिवाय चांगल्यातला चांगला रजिस्ट्रार किंवा होस्टिंगवाला ज्या तक्रारीवर पटकन हलतो ती हीच. टाकण्याआधी सगळं एकदा वकिलाच्या नजरेखालून घाला. प्रत्येक पान इंटरनेट आर्काइव्हमध्ये जतन करा आणि पूर्ण प्रत वेगळ्या होस्टिंगवर तयार ठेवा. २००८ मध्ये विकिलीक्स तगलं ते अशाच प्रतींमुळे.

रजिस्ट्रार ठरवताना दोन-तीन कंपन्यांच्या सपोर्टला हा मेल टाकून बघा: ‘माझ्या साइटवरच्या मजकुराबद्दल कोर्टाच्या आदेशाशिवाय तक्रार आली, तर तुम्ही डोमेन थांबवण्याआधी मला कळवता का, आणि उत्तर द्यायला किती वेळ देता?’ कोणी धोरणाच्या पानाची नुसती लिंक चिकटवेल, कोणी सरळ माणसासारखं उत्तर देईल. माझ्या अनुभवात पुढे अडचणीच्या वेळी वागणूकही तशीच मिळते.

घाई एकाच गोष्टीची करा. नवीन डोमेन साधारणपणे पहिले ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही. साइट सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी नोटीस आली आणि रजिस्ट्रार लटपटला, तर तुम्ही तिथेच अडकलात. सिंहस्थाच्या कामांची कागदपत्रं तुम्ही गोळा करताच आहात, तर डोमेन या आठवड्यात घ्या, तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरा, त्यावर नदीचा एखादा फोटो टाकून ठेवा आणि नावानिशीचं पहिलं पान ६० दिवस उलटल्यावर चढवा.