भूमितीत मार्क नक्की कुठे जातात?

"उत्तर बरोबर आहे, मग मार्क का कापले?" दहावीच्या पूर्वपरीक्षेचे पेपर हातात पडले की पालक आणि मुलं हा प्रश्न घेऊन माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, येतात, आणि बहुतेक वेळा तो भूमितीबद्दल असतो. बीजगणितात उत्तर आलं की जीव भांड्यात पडतो. भूमितीत मात्र सगळं सोडवूनही निम्मेच गुण मिळतात. मग मूल म्हणतं, सर मुद्दाम कापतात. आईवडील म्हणतात, लक्षच नसतं हिचं. आणि या वादात उत्तरपत्रिका नीट उघडून पाहायची राहूनच जाते.

अशाच एका मुलीची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. अनेक भेटींतलं बोलणं इथे थोडक्यात दिलं आहे.

राज्य मंडळाच्या शाळेतली, दहावीतली मुलगी. भूमितीत ४० पैकी १७. वडील म्हणाले, "मॅडम, हिला भूमिती जमतच नाही. नववीपासून हेच चाललंय." मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी भूमितीत ढ आहे. बोर्डात मी नापास होणार."

भीतीशी बोलण्याआधी तिचं खरं माप काढावं, असं माझं मत आहे. म्हणून आधी हिशेब केला. गणित भाग १, म्हणजे बीजगणित, ४० गुणांचं. भाग २, म्हणजे भूमिती, ४० गुणांची. अंतर्गत मूल्यमापनाचे २०. असे मिळून १००, आणि उत्तीर्ण व्हायला या शंभरात ३५ लागतात. भूमितीसाठी वेगळी अट नाही. तिला बीजगणितात २८ होते. म्हणजे अंतर्गत गुण धरण्याआधीच ती ४५ वर होती. "नापास" हा शब्द त्या कागदावर टिकला नाही. वडिलांनाही हे नीट माहीत नव्हतं, आणि ते एकटेच नाहीत. घरोघरी ‘भूमितीत फेल’ असं बोललं जातं आणि मूल ते निकाल लागल्यासारखं ऐकतं.

मग उत्तरपत्रिका मागवली. गेलेल्या २३ गुणांचे तीन ढीग करायला तिलाच सांगितलं. माहीतच नव्हतं म्हणून गेलेले. माहीत होतं, पण लिहिलं नाही म्हणून गेलेले. वेळ संपला म्हणून गेलेले. ती पेन्सिलीने खुणा करत गेली. पहिल्या ढिगात ६, दुसऱ्यात ११, तिसऱ्यात ६. दुसऱ्या ढिगाकडे ती बराच वेळ बघत राहिली. तिथलं सर्वांत ठळक उदाहरण होतं चौथ्या प्रश्नातल्या प्रमेयाचं: बाह्यबिंदूतून वर्तुळाला काढलेले स्पर्शिकाखंड एकरूप असतात. ४ पैकी २ गुण.

"केंद्र म, स्पर्शबिंदू क आणि ख, बाहेरचा बिंदू प. कोन मकप ९० अंशांचा आहे असं तू लिहिलंयस. कशावरून?"

"आकृतीत दिसतंच आहे, मॅडम."

मी तीच आकृती मुद्दाम वाकडी काढली. कोन जेमतेम ८० अंशांचा वाटत होता. "आता?"

"तरी ९०च."

"दिसत तर नाहीये."

"पण ती स्पर्शिका आहे ना. आणि मक त्रिज्या आहे."

"मग?"

"स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय."

"हे पेपरात लिहिलंस?"

"नाही. सरांना माहीतच आहे की!"

माझ्या मते दहावीच्या भूमितीतली अर्धी अडचण या शेवटच्या वाक्यात आहे. मूल उत्तर लिहितं ते सगळं माहीत असलेल्या सरांना उद्देशून. म्हणून ते मधल्या पायऱ्या गाळतं. ते आळसाने होत नाही, एका परीने त्यात सरांबद्दलचा आदरच असतो. पण परीक्षकाला प्रमेय येतं की नाही हे तपासायला पेपर काढलेला नसतो. विधानासमोरचं कारण हेच तिथे तपासलं जातं. हे तिला मी समजावून सांगितलं असतं, तर तिने मान डोलावली असती आणि पुढच्या पेपरात पुन्हा तेच केलं असतं. वाकड्या आकृतीसमोर तिचं तिला कळलं, म्हणून ते तिच्याजवळ राहिलं.

तोच धागा पुढे नेला. कोऱ्या कागदावर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे ‘विधान’, उजवीकडे ‘कारण’. डावीकडे तिचंच वाक्य लिहायला सांगितलं: मी भूमितीत ढ आहे.

"आता उजवीकडे कारण लिही."

"१७ मार्क."

"१७ मार्क हा पक्ष झाला, म्हणजे दिलेली गोष्ट. त्यावरून हे साध्य, म्हणजे सिद्ध करायचं ते, कसं निघालं?"

ती गप्प राहिली. तिन्ही ढिगांचा कागद समोरच होता. थोड्या वेळाने तिने डावीकडचं वाक्य खोडलं आणि लिहिलं, ‘मला कारणं लिहायची सवय नाही.’ उजवीकडे लिहिलं, ‘११ गुण.’ हे वाक्य मी सुचवलं नव्हतं. विवेकाने विचार करायला शिकवणाऱ्या पद्धतीवर माझा विश्वास आहे तो अशा क्षणांमुळे. माणसाला छळतं ते स्वतःबद्दल न तपासता धरून ठेवलेलं विधान. ते तपासायची सवय भूमितीच्या तासाला रोज लागू शकते, आणि आपण त्या विषयाला फक्त मार्कांचं संकट म्हणून बघतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुढचं काम सरावाचं होतं. रोज एकच सिद्धता, विधान आणि कारण अशा दोन रकान्यांत. दुसऱ्या दिवशी उजव्या रकान्यावर कागदाची पट्टी ठेवून फक्त कारणं पुन्हा लिहायची. वरच्या प्रमेयात ती अशी येतात: रेख मक आणि रेख मख एकरूप, कारण एकाच वर्तुळाच्या त्रिज्या. दोन्ही कोन ९० अंश, कारण स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय. कर्ण मप सामाईक. म्हणून दोन्ही त्रिकोण कर्णभुजा कसोटीने एकरूप. म्हणून रेख पक आणि रेख पख एकरूप, कारण एकरूप त्रिकोणांच्या संगत बाजू. शेवटचं कारण मुलं हमखास गाळतात, कारण तोवर उत्तर ‘आलेलं’ असतं.

‘कृती पूर्ण करा’ या प्रश्नांकडे हुशार मुलंही चौकटी भरण्याचा खेळ म्हणून बघतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांत मिळून हे ७ गुण आहेत, आणि कारण लिहायचा सराव करायला याहून चांगलं साधन नाही. चौकट भरताना ‘इथे हेच का’ असं स्वतःला विचारायचं.

समरूपतेत शिरोबिंदूंचा क्रम चुकला की पुढची सगळी गुणोत्तरं चुकतात. म्हणून एकास एक संगती आधी लिहावी. क्षेत्रफळांचं गुणोत्तर संगत बाजूंच्या वर्गांच्या गुणोत्तराएवढं असतं. तिथे वर्ग विसरणं ही नेहमीची चूक. रचनेत समरूप त्रिकोण काढायचा असेल तर दिलेल्या गुणोत्तरावरून दुसरा त्रिकोण मोठा येणार की लहान, हे कच्च्या आकृतीतच ठरवायचं. ते न ठरवता थेट कंपास उचलला की, समजा गुणोत्तर ५:७ असेल तर, पाचव्याऐवजी सातवा बिंदू जोडला जातो. रचनेच्या खुणा स्पष्ट असाव्यात, त्या पुसू नयेत, ही सूचना प्रश्नपत्रिकेवरच छापलेली असते. तरी मुलं कागद स्वच्छ दिसावा म्हणून कंस खोडतात आणि हातचे गुण घालवतात. प्रमेयाच्या सिद्धतेसाठी आकृती आवश्यक, हेही तिथेच लिहिलेलं असतं. महत्त्वमापनात एकक तपासायचं: चौसेमी की घसेमी.

तिसरा ढीग वेळेचा. दोन तास म्हणजे १२० मिनिटं, ४० गुण. एका गुणाला ३ मिनिटं. ती पेपर चौथ्या प्रश्नापासून सुरू करायची, कारण ‘मोठे प्रश्न आधी उरकून घे’ असा घरचा सल्ला होता. पण चौथा प्रश्न ८ गुणांचा आणि पाचवा ३ गुणांचा, तर पहिले दोन मिळून २०. अवघड रायडरवर, म्हणजे प्रमेय वापरून सोडवायच्या उदाहरणावर, अर्धा तास गेला की या वीसांतले सोपे गुण सुटतात. आम्ही क्रम उलटा केला. पहिला, दुसरा, तिसरा, मग चौथा. पाचव्यात न पाहिलेला प्रश्न असतो, तो शेवटी. ४ गुणांच्या प्रश्नावर १२ मिनिटं झाली की जागा सोडून पुढे जायचं.

वडिलांशी वेगळं बोलले. ते रोज वही तपासायचे, पण फक्त शेवटची ओळ बघायचे. "उत्तर बरोबर आहे की नाही हे बघू नका," मी सांगितलं. "कुठल्याही एका ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, कशावरून?" ते म्हणाले, "पण मला प्रमेयं आठवत नाहीत." आठवायची गरजच नव्हती. उत्तर तिने द्यायचं होतं, आणि न आठवणाऱ्या माणसाला समजावताना पायरी गाळता येत नाही. पालकांनी शिक्षकांना भेटतानाही ‘मार्क का कापले’ असं विचारण्यापेक्षा ‘कोणत्या ओळीवर कापले’ असं विचारावं. पहिल्या प्रश्नाने शिक्षक बचावात जातात, दुसऱ्याने पेपर उघडतात.

अंतर्गत २० गुणांबद्दल एवढंच, की ते गृहपाठ आणि बहुपर्यायी चाचणीतून येतात आणि वर्षभरात हळूहळू जमतात. फेब्रुवारीत ते वाढवता येत नाहीत.

दुसऱ्या पूर्वपरीक्षेत तिला २९ मिळाले. पेपर आल्यावर तिने ढीग स्वतःच केले आणि मला दाखवायला आणले. या वेळी गेलेल्या ११ गुणांपैकी ८ पहिल्या, म्हणजे ‘माहीतच नव्हतं’ या ढिगात होते. त्रिकोणमितीतली नित्यसमानतेची सिद्धता आणि शंकूछेदाची सूत्रं तिला खरोखरच येत नव्हती. त्यासाठी समुपदेशकाची गरज नव्हती. ती तो कागद घेऊन थेट सरांकडे गेली.