पैसे देऊ नका, आधी करार शोधा

तुमचा प्रश्न असा आहे : वय ७१, १९९९ साली आलेला कथासंग्रह कित्येक वर्षं बाजारात मिळत नाही, प्रकाशक म्हणतो नवी आवृत्ती हवी असेल तर खर्च तुम्ही करा. करावा का, की आता कोण वाचतंय म्हणून सोडून द्यावं?

एक पैसाही देऊ नका. सोडूनही देऊ नका. कपाटातून करार काढा आणि त्यात मुदत लिहिली आहे का ते बघा.

माझा दुसरा कथासंग्रह १९९८ साली आला. प्रकाशक जुन्या वळणाचे होते. बाड स्वतः वाचायचे, समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात शंका लिहायचे. एका कथेच्या शेवटावरून आमचा बराच पत्रव्यवहार झाला, थोडी भांडणंही झाली, आणि मग मी शेवटची दोन पानं काढून टाकली. कथा तिथेच संपायला हवी होती हे त्यांना माझ्याआधी दिसलं होतं. छपाईचा खर्च त्यांचा, पुस्तक पडून राहिलं तर नुकसान त्यांचं. वर्षातून एकदा हिशेबाचा कागद आणि चेक घरी यायचा. रक्कम लहान असायची, पण कागद चुकला नाही.

ते गेले आणि व्यवसाय पुढच्या पिढीकडे आला. हिशेब यायचा थांबला. आवृत्ती संपली. त्याच सुमारास संग्रहातली एक कथा एका विद्यापीठाच्या बी.ए.च्या अभ्यासक्रमात लागली. प्राध्यापकांचे फोन सुरू झाले, पुस्तक कुठे मिळेल? मी प्रकाशनाच्या कचेरीत फोन केला, तर उत्तर मिळालं, ‘मॅडम, कथासंग्रहांना मागणी नाही.’ मागणी माझ्या घरचा फोन रोज वाजवत होती. पुढे एका कॉलेजात गेले असताना एक मुलगी सही घ्यायला पुस्तक घेऊन आली. ते पुस्तक नव्हतंच, झेरॉक्सचा स्पायरल बांधलेला गठ्ठा होता. पानं तिरकी, कडेची अक्षरं कापली गेलेली, अर्पणपत्रिका गायब. मी सही केली. ती पुन्हापुन्हा सॉरी म्हणत होती. त्या पोरीने माफी मागायचं काहीच कारण नव्हतं. तिने कापलेल्या ओळींमधून माझी कथा वाचली होती आणि तिला ती जवळजवळ पाठ होती.

मी पुनर्मुद्रण मागितलं, नकार आला. मग हक्क परत मागितले. ‘ते आमच्याकडे कायमचे आहेत,’ असं सांगण्यात आलं.

यावर मी ज्यांना मानत होते अशा एका ज्येष्ठ लेखकमित्राला सल्ला विचारला. ते म्हणाले, ‘तुम्ही लेखिका आहात की दुकानदार? साहित्यिकाने असल्या व्यवहारात पडू नये. संबंध खराब होतात.’ चार लोकांत म्हणाले. आज इतक्या वर्षांनीही ते वाक्य मला झोंबतं, आणि तुमचा प्रश्न वाचून पुन्हा झोंबलं. कारण तुमच्याही मनात कुठेतरी तेच बसलेलं दिसतंय, की हक्क मागणं कमीपणाचं आणि पदरचे पैसे घालणं मात्र प्रतिष्ठेचं.

माझा करार एका पानाचा होता. रॉयल्टीचा दर होता, सह्या होत्या, मुदतीबद्दल एक अक्षर नव्हतं. नात्यातल्या एका वकील मुलीने तो वाचला आणि कॉपीराइट कायद्याचं १९वं कलम माझ्यापुढे ठेवलं. कायदा १९५७ चा. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क दिल्या तारखेपासून पाच वर्षांसाठीच दिले असं धरलं जातं. म्हणजे १९९८ चे माझे हक्क २००३ मध्येच माझ्याकडे परत आले होते. ‘कायमचे’ हा शब्द फक्त फोनवर होता, कागदावर नव्हता. मी पोचपावतीसह रजिस्टर पत्र पाठवलं : कराराची तारीख, कलम, मुदत संपल्याची नोंद, आणि यापुढे हे पुस्तक छापू किंवा विकू नये. पोचपावती आली, उत्तर आलं नाही. मी पुस्तक दुसऱ्या प्रकाशकाला दिलं. छोटी संस्था, पण बाड वाचणारी माणसं.

पुढचं काम मात्र कठीण होतं, त्याची तयारी ठेवा. १९९८ ची अक्षरजुळणी श्रीलिपी या जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये होती आणि ती फाइल कुणाकडेच उरली नव्हती. उरली असती तरी युनिकोडमध्ये, म्हणजे आज संगणक-मोबाइलवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणताना रफार भलत्याच अक्षरावर जातो, जोडाक्षरं विस्कटतात. सगळं नव्याने टाइप झालं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन गेलं होतं, टॅबलेटवर अक्षर मोठं करून मी सगळी प्रुफं स्वतः तपासली. तेव्हा फार मोह झाला वाक्यं बदलायचा. मी फक्त छपाईच्या चुका काढल्या. माझं मत पक्कं आहे : उतारवयात लेखकाने आपल्या तरुणपणच्या पुस्तकावर हात चालवू नये. त्या कथांमधला राग आज मला जमणार नाही, आणि तो राग नसेल तर त्या कथाच उरत नाहीत.

आता कोण वाचतंय, याबद्दल. मराठीत वाचक उरले नाहीत असं जे प्रकाशक म्हणतात, त्यातल्या बऱ्याच जणांनी वाचक कधी शोधलाच नव्हता. महाराष्ट्राच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर सार्वजनिक ग्रंथालयांना नियमाने सरकारी अनुदान मिळू लागलं, ग्रंथालयांची खरेदी सुरू झाली आणि पुष्कळांचं गणित तेवढ्यावर बसलं. ग्रंथालयांनी वाचक घडवले, मीही त्यांतलीच. पण अनुदान रखडलं की प्रकाशक लगेच ‘वाचनसंस्कृती संपली’ म्हणून मोकळा. मोबाइलवाल्या मुलांना दोष देणं मला बिलकूल पटत नाही. माझी नवी आवृत्ती घेणारे बरेच जण तिशीच्या आतले आहेत. काहींनी ती कथा आधी ऐकली आणि मग पुस्तक मागवलं. जे पुस्तक मिळतच नाही ते कोणी वाचत नाही, हा निष्कर्ष कसा काढायचा?

शिवाय आता डिजिटल छपाईत शंभर-दोनशे प्रतींची आवृत्ती सहज निघते. पूर्वीसारखी हजार प्रतींची जोखीम कोणावर नाही. तेवढीही जोखीम न घेणारा माणूस तुमचे हक्क आपल्याकडे ठेवून तुमच्याकडूनच खर्च मागतो, तर त्याच्यासाठी एवढं मन का मोडायचं?

ते लेखकमित्र आता नाहीत. त्यांचं एकही पुस्तक आज विकत मिळत नाही. घरच्यांना करार सापडत नाहीत, कोणते हक्क कोणाकडे आहेत ते कोणी सांगू शकत नाही. त्यांच्या दोन कादंबऱ्या फार मोठ्या तोलाच्या आहेत आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. ‘दुकानदारी’ त्यांनी थोडी केली असती तर त्या आज वाचायला मिळाल्या असत्या. लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतात. आपल्या वयात हे डोक्यात ठेवायलाच हवं. सगळे करार एका फायलीत लावा आणि पुस्तकांचे हक्क कोणाकडे जावेत ते मृत्युपत्रात स्पष्ट लिहा. ज्याला वाचनाची आवड आहे त्याच्याकडे द्या, थोरल्याकडेच जायला हवेत असं काही नाही.

काही गोष्टी राहिल्या. पाच वर्षांचा नियम १९९५ पासूनच्या करारांना लागतो, त्याआधीच्या नाही. तुमचं पुस्तक १९९९ चं आहे, पण करार कधीचा आहे ते तपासा. करारात मुदत लिहिलेली असेल किंवा सगळे हक्क कायमचे दिल्याचं स्पष्ट लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी, मग वकिलाला दाखवूनच पत्र पाठवा. नव्या करारात मुदत, ई-बुक आणि ऑडिओ यांचे हक्क वेगवेगळे लिहून घ्या. आणि नातवंडांसाठी, मित्रांसाठी पन्नास प्रती हव्या असतील तर खुशाल स्वतःच्या पैशाने काढा, त्यात गैर काही नाही. पण ते काम थेट छापखान्याला द्या आणि हक्क कोणालाही देऊ नका.