आजीचे दोन खण

प्रिय मावशी,

मी २४ वर्षांची. पुण्यात आई, बाबा आणि आजीबरोबर राहते. एप्रिलमध्ये नोकरी सोडली, नवी जुलैत सुरू होईल, त्यामुळे हा अख्खा उन्हाळा माझा होता. हंपी झालं, मैत्रिणींबरोबर गोवा झालं, आठवडाभर दिल्ली झाली, मग रत्नागिरीला मामाकडे आंबे. मध्ये क्रोशे शिकले. आणि थ्रिफ्टिंगचं, म्हणजे जुने-उरलेले कपडे स्वस्तात घेण्याचं, वेड लागलं. दिल्लीचं सरोजिनी नगर, गोव्यातला हणजूणचा बुधवारचा बाजार, आपला जुना बाजार, शिवाय इन्स्टाग्रामवरची दुकानं. आतापर्यंत ३१ कपडे झाले, बहुतेक तीनशे रुपयांच्या आतले.

आई रोज डोकं खाते. म्हणते, "बोहारणीला द्यायचे कपडे तू पैसे मोजून घरात आणतेस." एका नव्या सुती टी-शर्टला सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं, हे मी तिला किती वेळा सांगितलं. ऐकतच नाही. काही कपड्यांचा वास जात नाही हे मान्य, पण ते काय, जाईल. माझं आणि आजीचं कपाट एकच आहे. त्यातली मधली फळी काढून मी हँगरसाठी रॉड बसवला आणि आजीच्या साड्या तिच्याच दिवाणात ठेवल्या. आजीची काही तक्रार नाही, ती तशीही हल्ली दोनच साड्या आलटून पालटून नेसते. तिच्या जुन्या इरकलींचं एक जॅकेट शिवायचं मनात आहे, तेवढंच अपसायकलिंग, जुन्याचं नवं काहीतरी. आईला हे सगळं कसं पटवू?

– वैतागलेली, कोथरूड

बाई गं, आईचं नंतर बघू.

तुझ्या पत्रात दोन गोष्टी अगदी खेटून बसल्यात आणि तू त्यांची एकमेकींशी ओळखसुद्धा करून दिलेली नाहीस. आजीच्या साड्या दिवाणात गेल्या. आजी हल्ली दोनच साड्या नेसते. त्या 'हल्ली'ला जरा तारीख लावून बघ. रॉड बसायच्या आधी ती किती साड्या नेसायची?

दिवाण उघडायचा म्हणजे काय करावं लागतं ते तुला माहीत आहे, कारण साड्या तूच आत ठेवल्यास. आधी चादर काढायची, मग गादी दुमडून बाजूला रेटायची, मग झाकण. १९ मिलिमीटर प्लायचं सहा बाय तीन फुटांचं झाकण साधारण वीस किलो भरतं. दोन तुकड्यांत असलं तरी एकेक दहा किलोचं. ते एका हाताने वर तोलून धरायचं, कमरेत वाकायचं आणि दुसऱ्या हाताने तळातली साडी चाचपायची. हे कुणी करायचं, तर तुझ्या आजीने, रोज सकाळी अंघोळ करून आल्यावर. पहिल्या दिवशी तिने तुला हाक मारली असेल. दुसऱ्या दिवशी तू हंपीला होतीस. तिसऱ्या दिवशी तिने हिशोब केला, की एक अंगावर आणि एक दोरीवर एवढ्यात भागतंय.

तक्रार नाही म्हणतेस. त्या पिढीच्या बायका तक्रार करत नाहीत, "असू दे" म्हणतात. ते "असू दे" तू सोयीने होकार म्हणून मोजलंस.

तुझ्या आईचाही मला राग आलाय, तेही सांगून टाकते. बोहारणीवरून रोज वाद घालणारी बाई दोरीवरून रोज त्याच दोन साड्या काढून घडी घालते, आणि तिच्याही डोक्यात येत नाही की बाकीच्या कुठे गेल्या. पण पत्र तिने लिहिलेलं नाही, तू लिहिलंयस. म्हणून काम तुला.

या रविवारच्या आत आजीचे दोन खण तिला परत दे. कपाटातले. चोळीचा एखादा खण आणून देऊन भागायचं नाही.

कोणते दोन, तर तिच्या कमरेपासून खांद्यापर्यंत येणारे. तिला कपाटासमोर उभी कर आणि फळी कुठे यायला हवी ते हाताने दाखवायला सांग. त्याच्या वर टाचा उंचावाव्या लागतात आणि खाली वाकावं लागतं, म्हणून सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा खण तुझा. रॉड निघेल. काढलेली फळी माळ्यावर किंवा कपाटामागे असेलच, पण तिच्या चार क्लिपा शोध, त्याच हरवतात. नाही सापडल्या तर लोखंडी कपाटं विकणाऱ्या दुकानात मिळतात, फक्त एक फळी किंवा क्लिपेचा फोटो नमुन्याला ने, कारण सगळ्यांची भोकं सारखी नसतात. बसवताना चारही बाजूंची भोकं तळापासून मोजून घे. एक क्लिप एक भोक खालीवर झाली तरी फळी डुगडुगते, आणि साड्यांचं वजन पडलं की घसरते. नऊवारी असतील तर वजन चांगलंच असतं.

आता तुझे ३१ नग. वर-खालच्या खणांत मावतील तेवढेच राहतील. पण त्यातले काही तर साड्यांच्या शेजारी राहूच शकत नाहीत, आणि हे तू विकत घेण्याआधी वाचायला हवं होतंस.

दिल्लीहून लोकरीचं काही आणलंस का? स्वेटर, कोट, मफलर? त्यांना कसर, म्हणजे कापड खाणारी कीड, लागलेली असू शकते. कसरीची अंडी डोळ्यांना सहजी दिसत नाहीत. अळी लोकर खाते आणि लोकर संपली की रेशमाकडे वळते. आजीच्या कपाटातलं रेशीम तिला चालेल. म्हणून लोकरीचा प्रत्येक कपडा प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद कर आणि आठवडाभर डीप फ्रीजमध्ये ठेव. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नकोस. कपडा खोलीच्या तापमानाला येऊ दे, नाहीतर हवेतला दमटपणा त्याच्यावर धरतो. मग उन्हात झटक, शिवणी आणि कॉलरची खालची बाजू ब्रशने घास. सुती कपड्यांना एवढा सोहळा लागत नाही. ते ६० अंशांवर अर्धा तास धुतले तर ढेकणांचीही काळजी मिटते. लेबलवर तेवढं तापमान चालतं का ते आधी बघ. तुझ्या क्रोशाचं सूत अॅक्रिलिक असेल तर कसर त्याच्या वाटेला जात नाही. लोकर असेल तर तेही फ्रीजमध्ये.

रेक्झिनचं जॅकेट घेतलं असशील तर त्याला आजच निरोप दे. चामड्यासारख्या दिसणाऱ्या त्या कापडावर बहुतेकदा पॉलियुरेथेनचा थर असतो आणि दमट हवेत तो कुजतो. जुनं जॅकेट म्हणजे त्याचं निम्मं आयुष्य आधीच कुणीतरी वापरलेलं. एका पावसाळ्यात कोपरावर भेगा पडतील, काळे पापुद्रे सुटतील आणि खालच्या साडीवर जाऊन चिकटतील. ते घासून निघत नाहीत. टिकल्यांचे टॉपही जरीजवळ नकोत, टिकलीची कड जरीची तार ओढते.

वासाचं तू "जाईल" म्हणून सोडून दिलंयस. जाणार नाही. पॉलिस्टर घामातलं तेल धरून ठेवतं आणि नुसत्या साबणाने ते पूर्ण सुटत नाही. वरून सुगंधी कंडिशनर ओतलास तर त्याचा थर तेलावर बसतो आणि वास आतच कोंडतो. अर्धी बादली कोमट पाणी, त्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा (खायचा नव्हे), कपडा उलटा करून रात्रभर बुडव, सकाळी नेहमीसारखा धू. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाल आणि उलटाच वाळव. हे सूत आणि पॉलिस्टरसाठी. लोकर आणि रेशीम यांना सोडा लावायचा नाही, तंतू कमकुवत होतो. आणि व्हिनेगर ब्लीचबरोबर एका बादलीत कधीही नको, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. दोनदा एवढं करूनही काखेत वास राहिला तर तो कपडा गेला असं समज. शंभर रुपयांसाठी तिसरी बादली भरू नकोस.

उरलेल्यांतले न बसणारे बाजूला काढ. "शिंप्याकडे टाकू" असं म्हणून किती पडलेत ते मोजून बघ. कंबर आत घेता येते, लांबी कमी होते, बाही अरुंद होते. कपडा सैल करायचा असेल तर आधी तो उलटा कर आणि शिवणीच्या आत दाब, म्हणजे जादा कापड, किती सोडलाय ते बघ. सरोजिनीला येणारा बराचसा माल निर्यातीतून उरलेला असतो, कारखान्यातला, आणि त्यात दाब जेमतेम एक सेंटिमीटर असतो. तेवढ्यात काही सुटत नाही. खांदा मोठा असेल तर बाही पूर्ण उसवून मुंढा नव्याने कापावा लागतो. दीडशेच्या शर्टला त्याहून जास्त शिलाई पडते आणि तरी तो मापाचा वाटत नाही. यापुढे दुकानात आधी खांदा बघ, नंतर रंग.

२,७०० लिटरचा आकडा तू पाठ केलायस. तो आकडा सुती टी-शर्टचा आहे, आणि जुना टी-शर्ट नव्याच्या ऐवजी घेतलास तरच ते पाणी वाचतं. दोन महिन्यांत ३१ कपडे नव्याच्या ऐवजी नसतात, ते जास्तीचे असतात. बोहारीण निदान जुने कपडे घेऊन डबा देते.

इरकलीला कात्री लागणार नाही. अपसायकलिंग टाकून दिलेल्या वस्तूचं करतात. त्या साड्या कुणी टाकलेल्या नाहीत, दिवाणात कोंडल्यात. त्यांची मालकीण तुझ्याच खोलीत झोपते, आणि त्यांच्याच वर झोपते! आत डांबरगोळ्या टाकल्या असशील तर आज काढ. रात्रभर त्याच्या वाफा नाकात जाणं कुणालाच बरं नाही, आजीच्या वयात तर नाहीच.

साड्या बाहेर आल्या की लगेच कपाटात रचू नकोस. दिवाणाच्या तळाशी हवा खेळत नाही, सुती साड्याही थोड्या दमट असतील. सुती साड्या दिवसभर उन्हात टाक. रेशमी सावलीत, पंख्याखाली, दोन-तीन तास पुरे, थेट उन्हात रंग उडतो. जरीच्या साडीची घडी मोडून वेगळ्या ठिकाणी घाल, कारण एकाच घडीवर महिनोनमहिने राहिली की जर तिथेच तुटते, आणि दर दोन-तीन महिन्यांनी हे करावं लागतं. एकेक साडी धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळ. प्लास्टिक नको, दमटपणा आत कोंडतो. वर्तमानपत्रही नको, शाई लागते. खळ केलेली साडी पावसाळ्यात साठवायची असेल तर आधी खळ धुऊन काढ, कारण खळीवर किडे येतात. हे सगळं येत्या आठ दिवसांत कर. जूनचा दुसरा आठवडा लागला की ऊन शोधत बसावं लागेल.

आजीला परवानगी विचारू नकोस. "आजी, तुझ्या साड्या परत कपाटात ठेवू का?" असं विचारलंस तर ती "कशाला गं, असू दे" म्हणेल आणि तू सुटलीस म्हणून हँगर मोजायला लागशील. फळी बसव, खण पूस, साड्या तिच्या पलंगावर मांड आणि विचार, "रोजच्या कुठल्या तुझ्या वरच्या खणात ठेवू?" या प्रश्नाला "असू दे" हे उत्तर होत नाही. ती एकेक उचलेल, ही कुठली, ती कुणी दिली, हिचा काठ कसा विटला ते सांगेल. त्यात एखादा तास जाईल. फोन दुसऱ्या खोलीत ठेव. इरकलीबद्दल त्या दिवशी चकार शब्द काढायचा नाही. तिने आपणहून एखादी तुझ्या हातात दिली तर नेस. शिवू नकोस.

राहिली आई. तिला पटवायचं काही नाही, तिची मदत लागणार आहे. ते झाकण एकटीने उचललंस तर बोटं चेपून घेशील. गादी पूर्ण उतरवा, एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला ती, आणि झाकण भिंतीला टेकवून ठेवा, हातात धरून आत वाकू नका. बोहारणीचा विषय तेव्हा निघालाच, तर आईला म्हण, आधी तळातली ती मोरपंखी का कुठली असेल ती वर काढून दे.